अर्धा लॉर्ड

नव्वदीला पोचलेल्या मावशीला वाढदिवसाला लोकरीचे मोजे द्यावेत. फार तर गरम पाण्याची पिशवी. हे शहाणपण मला आता आलंय. एकोणीसशे पासष्टच्या सप्टेंबरात ते असतं तर लंडनच्या तीन कचेऱ्यांचा, तीन कोंबड्यांचा आणि माझा स्वतःचा पुष्कळ त्रास वाचला असता. पण मी मोज्यांच्या दुकानापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मनात आलं, लेटीस मावशीला तिची वंशावळ द्यावी. छान जाड कागदावर, सुबक अक्षरात, चौकटीत बसवून. आठवड्याभराचं काम.

मी एडगर पिल्बीम. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो. लोकांचे अर्ज "त्रुटी आहेत" असा शेरा मारून परत पाठवण्यात माझी हयात गेली. देवाकडे असल्या गोष्टींची नोंद राहते, हे निवृत्तीनंतर पटलं.

लेटीस मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. बापाचं बियाण्यांचं दुकान तिनं आमच्या नेदरकोम गावात साठ वर्षं चालवलं. वाटाणा, घेवडा, मुळा, गोड वासाच्या मटारफुलांचं बी, सगळ्या पुड्या हातानं बांधायच्या, हातानं नावं घालायची. आणि पुडी देताना गिऱ्हाइकाला सहज सांगायचं, "तसं पाहिलं तर आम्ही क्विल्बरोचे बॅरन हो! माझ्या आजोबांनी एका गवळणीपायी सगळं सोडलं, म्हणून इथं मुळ्याचं बी विकतेय." गिऱ्हाईक "हो का!" म्हणून डोळा मिचकावत बाहेर पडायचं. साठ वर्षं गाव डोळा मिचकावत होतं. पोरींनी तर दोरीवरच्या उड्यांचं गाणंच केलं होतं:

लेटीसबाई, लेटीसबाई,
मुकुट कुठं गं ठेवला?
कोंबडीखाली उबवला,
अन् मांजरानं पळवला!

आया झाल्या, आयांच्या पोरी झाल्या, गाणं तेच राहिलं. मावशी दुकानाच्या दारात उभी राहून ऐकायची आणि हसायची. पण एकदा पाठमोरी होती तेव्हा मी पाहिलं, हातातली पुडी तिनं इतकी घट्ट धरली होती की कागद फाटून मुळ्याचं बी जमिनीवर टपटपत होतं. तिला कळलंही नव्हतं.

तर त्या टपटपणाऱ्या बियांसाठी मी वंशावळ काढायला बसलो.

खाली मी होतो, माझ्यावर आई आणि मावशी या दोन बहिणी. त्यांच्यावर आजोबा जॅस्पर थिसल्टन, बियाणेवाले. त्यांच्यावर पणजोबा अँब्रोज थिसल्टन, गवळणीवाले. इथवर दोन दिवसांत आलो. तिसऱ्या दिवशी गावच्या वाचनालयातल्या एका जाडजूड ग्रंथात सापडलं, की क्विल्बरोच्या शेवटच्या बॅरनला खरोखरच अँब्रोज थिसल्टन नावाचा मुलगा होता, बापाशी भांडून तो नाहीसा झाला, आणि पुढं वारस सापडला नाही म्हणून किताब तसाच पडून आहे. मी खुर्चीतून उठलो. पुन्हा बसलो. मावशी साठ वर्षं खरं बोलत होती!

इथंच थांबून चौकट करायला टाकली असती तरी चाललं असतं. पण मी ही गोष्ट कुंपणावरून मिस्टर बोनिफेसना सांगितली.

मिस्टर बोनिफेस आमचे शेजारी. चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांचे मुकादम, घेवड्याचे बादशहा, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला द्यायला सदैव मोकळे. गावच्या भाजी-फुलांच्या प्रदर्शनात लांब शेंगेचं पहिलं बक्षीस त्यांचं, दुसरं मावशीचं, असं गेली बावीस वर्षं चाललंय. पोरींच्या गाण्यावर सगळ्यात मोठ्यानं हसणारेही तेच.

"वंशावळ काढून काय होतंय?" ते कात्री थांबवून म्हणाले. "मी पण उद्या काढीन, नोहापासून. लंडनला अर्ज करा. शिक्का आणा. मग आपण टोपी काढू."

"आणतो की," मी म्हणालो. अपमानाच्या भरात माणूस कुठल्या वाक्यावर घसरेल, सांगता येत नाही.

वाढदिवसाला मी मावशीला चौकटीऐवजी वकील दिला. परगण्याच्या गावचे मिस्टर पेम्बरी. बारीक, वाळलेले, बोलण्याआधी चष्मा पुसणारे. मावशीनं केकचा तुकडा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "यांना सगळं सिद्ध करता येतं का रे?"

"बाईसाहेब, आम्ही आपलं विचारलेल्याला उत्तर देतो," पेम्बरी म्हणाले.

आणि लंडनहून विचारणा सुरू झाली.

पहिल्याच पत्रात त्यांना कळवायचं होतं, की अँब्रोजना पेरेग्रिन नावाचा थोरला भाऊ होता, जन्म अठराशे तीन. तरी सदर पेरेग्रिन मृत असल्याचा आणि त्यास संतती नसल्याचा पुरावा सादर करावा. मी पत्र तीनदा वाचलं. तो माणूस हयात असता तर एकशे बासष्ट वर्षांचा झाला असता!

"तसं ठामपणे सांगता येत नाही," बोनिफेस कुंपणापलीकडून म्हणाले. "आपल्या गावची हवा चांगली आहे."

पाद्रीसाहेबांनी सांगितलं, की थिसल्टनांच्या थडग्याचा एक दगड चर्चमध्ये आहे खरा, पण त्यावर कोळशाचा ढीग आहे. शेगडीसाठी तिथंच कोळसा ठेवतात. मी म्हटलं, रविवारी प्रार्थनेआधी तासभर जाऊन ढीग बाजूला करू. फावडं घेऊन गेलो. ढीग काढताना कळलं की कोळसा हा पदार्थ बाजूला होत नाही, तो फक्त जागा बदलतो. थोडा भिंतीकडे, थोडा माझ्या कॉलरीत. दगड दिसला तेव्हा मी गुडघ्यांवर बसून हातरुमालानं अक्षरं पुसत होतो. मागं दार उघडलं आणि सगळी मंडळी आत आली. माझी बायको म्यूरिएल सर्वांत पुढं होती, नव्या हातमोज्यांत. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि शेजारणीला शांतपणे म्हणाली, "चर्चनं नवा धुरांडीवाला ठेवलेला दिसतो."

पण दगडावरचं मी वाचलं होतं. "पेरेग्रिन. वय वर्षं नऊ. बदकांच्या मागं तळ्यापाशी गेला." एवढंच. मला पुरावा मिळाला होता, आनंद व्हायला हवा होता. काळ्या हातांनी मी तसाच बसून राहिलो. दीडशे वर्षं ते पोर कोळशाखाली होतं, आणि त्याला शोधायला आलेला पहिला माणूस ते मेलंय याची खात्री करायला आला होता. दुसऱ्या दिवशी मावशीनं तिथं मटारफुलांची जुडी ठेवली आणि पाद्रीसाहेबांना सांगून कोळसा कायमचा दुसरीकडे हलवला.

पुढचा प्रश्न नाजूक होता. अँब्रोजनी गवळणीशी, म्हणजे डॉर्कसशी, लग्न केलं होतं का? आणि केलं असल्यास आजोबा जॅस्पर जन्मण्यापूर्वी केलं, की सवडीनं? सवडीनं केलं असेल तर सगळं संपलं. आमच्या कायद्यात लग्नाआधीच्या लेकराला किताब मिळत नाही. जॅस्परांचा जन्म चौदा फेब्रुवारी अठराशे सदतीस. आणि नेमकी त्या दशकाची लग्नाची वही ओलीनं कुजून तिची खीर झालेली. प्रत्येक वहीची एक नक्कल त्या काळी बिशपकडे जायची, ती त्यांच्या दप्तरात होती, पण तिथला कारकून म्हणाला, "गाव आणि तारीख सांगा, काढून देतो. तारीख नसेल तर अर्जात त्रुटी आहेत."

शेरा माझा होता.

मावशी मात्र शांत. "लग्नात घंटा वाजल्या होत्या," ती म्हणाली. "तीन तास. आजी सांगायची, आपण निघालो तरी घंटा थांबेनात, घोड्याला वाटलं आग लागली."

तीन तास! आमच्याकडे इतका वेळ न चुकता घंटा वाजवल्या की वाजवणारे त्याची रंगवलेली पाटी करून घंटाघरात लावतात. तारीख, कारण, वाजवणाऱ्यांची नावं. मी धावत बोनिफेसकडे गेलो.

"जुन्या पाट्या?" ते डोकं खाजवत म्हणाले. "मनोरा दुरुस्त केला तेव्हा उतरवल्या. चांगलं ओकचं लाकूड होतं. टाकून कोण देतं?" आणि एकदम गप्प झाले. बोनिफेस गप्प झालेले मी प्रथमच पाहत होतो. त्यांची नजर परसातल्या खुराड्याकडे गेली होती.

खुराड्याचं दार ओकचं होतं, बाहेरून कोरं. आतल्या बाजूचं वाचायचं तर आत जायला हवं. मी वाकून आत शिरलो. दोन कोंबड्या माझ्या डोक्यावरून बाहेर गेल्या आणि तिसरी डोक्यावरच राहिली. विजेरीच्या उजेडात, तीस वर्षांच्या शिटांखालून, सोनेरी अक्षरं वर आली: "मिस्टर अँब्रोज थिसल्टन आणि मिस डॉर्कस पेनफोल्ड यांच्या विवाहानिमित्त, अकरा मे अठराशे छत्तीस, घंटांचे पाच हजार चाळीस फेरे, तीन तास सात मिनिटे."

मी बाहेर आलो तेव्हा मावशी कुंपणाशी उभी होती. मी वाचलेलं सांगितलं. कोंबडीखाली, पोरींनी सांगितलं होतं ना, चाळीस वर्षं रोज! बोनिफेस मान खाली घालून बिजागऱ्या काढू लागले. तेव्हा ती म्हणाली, "रात्री कोल्हा येईल हो, आधी दुसरं दार लावून घ्या."

पेम्बरींनी अकरा मेपासून चौदा फेब्रुवारीपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. दोनशे एकोणऐंशी. चष्मा पुसून म्हणाले, "पणजोबा काटेकोर होते." बिशपच्या दप्तरातून नक्कल निघाली. सगळं जुळलं. म्यूरिएलनं खाटकाच्या कागदावर "म्यूरिएल क्विल्बरो" अशी सही करून पाहिली आणि एक टोपी घेतली, जिच्यावर आख्खं पाखरू होतं.

मग पेम्बरींनी आम्हां तिघांना बोलावून घेतलं. "अभिनंदन. हा किताब सहाशे वर्षांपूर्वी राजानं संसदेत बोलावण्याची चिठ्ठी धाडून दिलेला. असे किताब मुलींनाही मिळतात."

"शहाणा राजा!" मावशी म्हणाली.

"एकच मुलगी असेल तर तिला. दोन असतील तर थोरली-धाकटी असा भेद नाही, दोघींचा हक्क सारखा. आणि बॅरन, म्हणजे लॉर्ड, तर एकच असू शकतो. म्हणून मग कुणालाच नाही. किताब अधांतरी राहतो."

"म्हणजे?"

"अर्धा आपल्या आईंचा होता, मिस्टर पिल्बीम, तो आता आपला. अर्धा मिस थिसल्टनांचा. दोन्ही अर्धे एका हाती येईपर्यंत लॉर्ड नाही. एक मार्ग म्हणजे..." त्यांनी चष्मा काढला, मावशीकडे पाहिलं, चष्मा पुन्हा घातला.

"मी मरायचं," मावशीनं वाक्य पुरं केलं. "बोला की हो. नव्वद वर्षांच्या बाईला ही काय बातमी आहे?"

"दुसरा मार्ग, एकानं मागं सरायचं आणि दुसऱ्याच्या नावे राणीसाहेबांकडे विनंती करायची."

"मग एडगरच्या नावे करा," ती पटकन म्हणाली. "मी मुकुट घालून कुठं जाऊ? घेवड्यात?"

मी "छे छे" म्हणालो. किती जोरानं म्हणालो ते आठवत नाही. फार जोरानं नसावं.

गावात बातमी पोचायला आमच्या बसपेक्षा कमी वेळ लागला. खाटीक टप्पेन मला पाहून अर्धवट वाकला आणि तिथंच थांबला. "अर्धे लॉर्ड आहात ना, म्हणून अर्धाच वाकतो." पोस्टातल्या बाईनं एकच गुडघा लववला. न्हाव्यानं विचारलं, कुठली बाजू कापू? हे सहन झालं असतं. पण लोक मावशीच्या तब्येतीची चौकशी माझ्याकडे करू लागले, आणि ती करताना त्यांच्या चेहऱ्यावर एक समजूतदार भाव असायचा. "कशी आहे मावशी?" "ठणठणीत." "अरेरे... म्हणजे, वा!" मावशी सायकलवरून चालली की माणसं थांबून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत. म्यूरिएल म्हणाली, "एडगर, मावशी तुझ्या नावे अर्ज करायला सांगताहेत खरं, पण तू थांब. घाई दिसायला नको. आपसूक होईल." मीही थांबलो. संयम हा माझा गुण आहे, असं मी स्वतःला समजावत होतो.

जानेवारीत बर्फ पडला आणि मावशीला खोकला झाला. सकाळीच बोनिफेस कुंपणावर आले. "अभिनं..." ते म्हणाले. "म्हणजे, फार वाईट झालं. डॉक्टर आलेत."

मी रश्श्याचं भांडं घेऊन निघालो. दुकानामागच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. वर मावशी उशांना टेकून बसली होती, खांद्यावर शाल, मांडीवर बियांची पेटी.

"ये, वारसदार. हा रस्सा मला उठवायला आहे की निजवायला?"

"मावशी!"

"बरं, खरं सांग. जिना चढताना कितव्या पायरीवर मनात आलं?"

मी भांडं खाली ठेवलं. या बाईनं माझं शेंबडं नाक पुसलं होतं. तिच्याशी खोटं बोलायची मला सवयच नव्हती.

"तिसऱ्या," मी म्हणालो.

मावशी हसू लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता हसली, आणि हसणंच जिंकलं. "तिसऱ्या! मला वाटलं सातवी तरी गाठशील!" डोळे पुसून तिनं माझा हात धरला. हात ऊबदार होता, बोटांना मातीचा वास होता, भर जानेवारीत. "अरे वेड्या, घे की तो किताब. मी मनापासून सांगतेय."

बाहेर बर्फात पोरी उड्या मारत होत्या. दोरी भिजून जड झालेली, धप् धप् वाजत होती. लेटीसबाई, लेटीसबाई, मुकुट कुठं गं ठेवला... मावशीचं हसू ओठांवर तसंच राहिलं. फक्त तिचा हात माझ्या हातात हळूच घट्ट झाला, त्या पुडीवर झाला होता तसा.

घरी आलो आणि माझ्या आयुष्यातला त्रुटी नसलेला एकमेव अर्ज लिहिला. मी, एडगर पिल्बीम, अर्धा लॉर्ड, माझा अर्धा हिस्सा असून मागं सरतो, आणि किताब मिस लेटीस थिसल्टन यांना द्यावा, अशी विनंती करतो. म्यूरिएलनं खांद्यावरून वाचलं.

"टोपी मी परत करणार नाही," ती म्हणाली. आणि मी लिफाफा शोधत होतो, तो तिनंच आणून दिला.

लंडनची गाडी पुढं दीड वर्ष चालली. कागद या कचेरीतून त्या कचेरीत, तिथून परत. मावशी ब्याण्णवच्या उंबरठ्यावर आली. "निकाल लागेपर्यंत मी मरायची नाही," तिनं डॉक्टरांना बजावलं. "तुम्ही आपली औषधं दुसऱ्यांना द्या."

आमचं प्रदर्शन ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी असतं. त्याच सकाळी पोस्टातली बाई दोन्ही गुडघे लववत दुकानात आली. तिच्या हातात जाड लिफाफा होता. राणीसाहेबांनी क्विल्बरोचा किताब अधांतरातून खाली आणून लेटीसच्या ओंजळीत ठेवला होता. बोनिफेस धावत आले, कपाळावर घाम. "आता उद्घाटन तुम्हीच करायचं, लेडी क्विल्बरो! फीत कापायची!"

"नियम काय आहे?" मावशी म्हणाली. "फीत कापणाऱ्याला स्पर्धेत भाग घेता येतो?"

"नाही येत. पण एका वर्षानं काय..."

"मग एडगर कापेल. मी घेवडा लावलाय."

म्हणून फीत मी कापली. आता मी अर्धाही नव्हतो, आणि खरं सांगतो, इतकं पूर्ण मला कधीच वाटलं नव्हतं. टप्पेन माझ्यापुढं वाकला नाही; त्यानं हात मिळवला. तंबूत गवताचा आणि फुलांचा वास कोंदला होता. पंच शेंगा मोजून गेले आणि लोक घेवड्याच्या टेबलाभोवती दाटले. पहिला क्रमांक: मिस्टर बोनिफेस. पाव इंचानं. आणि शेजारी, पाद्रीसाहेबांच्या बायकोच्या वळणदार अक्षरात, शाई अजून ओली:

"दुसरा क्रमांक: लेडी क्विल्बरो."

मावशीनं चष्मा लावला. ते पुठ्ठ्याचं चिठोरं हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. सबंध तंबूत कुणी डोळा मिचकावला नाही. बोनिफेसनी टोपी काढली, छातीशी धरली, आणि ती बराच वेळ तशीच धरून ठेवली. राणीचं पत्र मावशीनं पेटीत ठेवलंय, तळाशी. चिठोरं दुकानाच्या काचेवर आहे.

संध्याकाळी मैदानात पोरी दोरी घेऊन उभ्या होत्या, पण गावं की नाही ते त्यांना कळेना. मावशीनं दोरीचं एक टोक स्वतःच्या हातात घेतलं. "म्हणा की गं! प्रश्न तुम्ही म्हणा, उत्तर मी देते."

लेटीसबाई, लेटीसबाई,
मुकुट कुठं गं ठेवला?

आणि ब्याण्णव वर्षांचा खणखणीत आवाज मैदानभर गेला:

घेवड्याच्या वेलावरी
वाळत मी घातला!

दोरी उशिरापर्यंत फिरत होती. मी भिजल्या गवतात अनवाणी उभा राहिलो त्याचा परिणाम म्हणून मला सर्दी झाली, ती छातीत उतरली. आता मावशीचा वारस मी, तेव्हा गावात माझी फार चौकशी असते. पण ती माझ्याकडे कुणी करत नाही, मावशीकडे करतात. परवा खिडकीतून मीच ऐकलं. टप्पेन विचारत होता, "एडगर कसा आहे, लेडी क्विल्बरो? टिकेल ना तुमच्यानंतर?"

"नाजूक आहे बिचारा," मावशी सायकलवर टांग टाकत म्हणाली, "पण मी त्याच्यासाठी मोजे विणायला घेतलेत."